दोन कामांची एक लेन्स

लग्नात नवरा-नवरीच्या अगदी समोर उभं राहायला जागा एकच असते आणि ती दोघांना हवी असते, फोटोवाल्याला आणि शूटिंगवाल्याला. फोटोवाल्याला ती दोन सेकंदांसाठी हवी असते, शूटिंगवाल्याला दोन तासांसाठी. त्यावरून मांडवात होणारी भांडणं आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहेत. आमच्याकडे ती मांडवातून घरी आल्यावरही चालायची, कारण फोटो काढणारी मी आणि शूटिंग करणारे माझे मिस्टर, दिलीप.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात, जीपा उभ्या राहतात त्या रस्त्याला आमचा स्टुडिओ आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा दिलीप एकटेच दोन्ही कामं करायचे. पण हळदीला बायका त्यांना आत येऊ द्यायच्या नाहीत. एकदा त्यांनी कंटाळून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू जा. हे बटण दाब." मी गेले, दाबलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं दाबतच राहिले. पासपोर्ट फोटो, शाळेचे फोटो, बारशी, जयंतीची मिरवणूक, विहारातली लग्नं, तांड्यावरची लग्नं, सगळं केलं. गावात मला 'फोटोवाल्या मॅडम' म्हणतात आणि दिलीपना 'शूटिंगवाले भाऊ'. आम्ही नवरा-बायको आहोत हे बऱ्याच गिऱ्हाइकांना आमचं भांडण ऐकूनच कळायचं.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं की फोटो आणि व्हिडिओ दोन्हीला चालेल अशी झूम लेन्स कशी निवडायची यावर लिहा, नव्या पोरांना उपयोग होईल. मी काही शिकवणारी बाई नाही. मी अशी एक लेन्स निवडली, एवढं खरं. ती निवडताना माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगते.

सुरुवात दिलीपच्या खांद्यापासून झाली. एका लग्नात नवरदेव घोड्यावरून येत होता. गर्दीच्या वरून शूटिंग घ्यावं म्हणून हे प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. खुर्चीचा पाय मोडला. पडताना माणूस हात टेकतो, पण यांच्या हातात कॅमेरा होता, म्हणून यांनी हात वर धरला आणि खांदा टेकवला. ते शूटिंग आमच्याकडे अजून आहे. आधी घोड्याचे कान, मग आभाळ, मग लोकांच्या चपला आणि मागून यांचा आवाज, "कॅमेरा धरा! आरं, मला नका धरू, कॅमेरा धरा!"

कॅमेरा वाचला. उजवा खांदा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की छातीच्या वर हात नेऊन वजन धरायचं नाही. शूटिंगवाल्याचा सगळा धंदा छातीच्या वरचाच असतो. दिलीप दोन महिने घरात बसून होते. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये कॅमेरा कुठं हलला ते शोधायचे आणि मला हाका मारून दाखवायचे. एक-दोन लग्नांना आम्ही बाहेरचा शूटिंगवाला बोलावला. त्यानं तासभर नाचणाऱ्या पोरी काढल्या आणि नवरीच्या आईला एकदाही काढलं नाही. तेव्हा मी म्हणाले, "आता मीच करते दोन्ही."

आता ते होऊ शकतं. हल्लीच्या कॅमेऱ्यात फोटो आणि व्हिडिओ दोन्ही आहेत. वरची चकती एकीकडे फिरवली की फोटो, दुसरीकडे फिरवली की व्हिडिओ. प्रश्न लेन्सचा होता. एकट्या बाईनं मांडवात लेन्सा बदलत बसायचं म्हटलं तर तोवर वरमाला होऊन जाते. दोन्ही कामांना पुरेल अशी एकच लेन्स हवी, आणि ती झूम हवी, म्हणजे जागेवरून जवळचं-लांबचं दोन्ही घेता आलं पाहिजे.

यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली. चर्चा म्हणजे आमच्या पद्धतीची.

"लांबचा पल्ला पायजे," दिलीप म्हणाले. "स्टेजपाशी हुभं राहून शेवटच्या रांगेतला माणूस दिसला पायजे."

"अन् उजेड?"

"उजेड येते की दिवसा."

"मांडवात कुठं येते? तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचा हिशोब येगळा व्हता."

"तू फोटोवाली. तुला काय कळते शूटिंगमधलं?"

आमच्यातला फरक नवख्या माणसाला समजावून सांगते. लेन्सवर आकडे असतात. अठरा-दोनशे, चोवीस-सत्तर असे. लहान आकड्यावर अख्खा मांडव दिसतो आणि मोठ्या आकड्यावर मांडवाच्या टोकाला बसलेल्या बाईच्या कानातली फुलं. त्या दोन आकड्यांत अंतर जितकं जास्त, तितका पल्ला मोठा. दुसरी गोष्ट उजेडाची. लेन्सला आपल्या डोळ्यासारखी बाहुली असते, तिला आम्ही अपर्चर म्हणतो. ती मोठी उघडली की उजेड जास्त येतो. जिचा पल्ला फार मोठा असतो अशा लेन्सची बाहुली लांबचं बघताना आपोआप बारीक होते. फोटोला ते चालून जातं, कारण फोटोला फ्लॅश मारता येतो. व्हिडिओला फ्लॅश नसतो.

हे मला माहीत होतं. तरी मी दिलीपचं ऐकलं. खरं सांगायचं तर ऐकलं नाही, त्यांचं मन राखलं. घरात बसून त्यांचा चेहरा पडला होता. लेन्स तरी त्यांच्या पसंतीची होऊ दे, असं मला वाटलं.

हिंगोलीत रफिकभाईंचं दुकान आहे. ते लेन्सा विकतात आणि दिवसाच्या भाड्यानंही देतात. घेण्याआधी वापरून बघायला ही सोय फार चांगली. रफिकभाईंनी काचेच्या कपाटातून एक लेन्स काढली.

"भाभी, ये लेके जाव. अठरा-दोनशे. इसके बाद दुसरी लेन्स का मुँह नहीं देखते आप."

दिलीपनी ती डाव्या हातात घेतली, फिरवली आणि कितीतरी दिवसांनी हसले. आम्ही ती दिवसाच्या भाड्यानं आणली.

त्या आठवड्यात कनेरगाव नाक्याजवळच्या एका गावात लग्न होतं. आम्हाला नवरीच्या मामानं काम सांगितलं होतं. नवरदेव मात्र आमच्याच ओळखीचा, गोरेगावजवळच्या तांड्यावरचा विलास. तो गोरेगाव-सेनगाव जीप चालवतो आणि रोज आमच्या दुकानासमोरून जातो. लग्न दुपारचं, रस्त्याच्या कडेला मोठा मांडव, स्टेजवर दिवे, मागच्या बाजूला कापडाची गडद सावली.

एकटीनं दोन्ही कामं करायची माझी पहिलीच वेळ होती. चकती इकडं, चकती तिकडं. फोटो काढताना शूटिंग राहतंय असं वाटायचं आणि शूटिंग करताना फोटो. त्या धास्तीनं मी स्टेज सोडलंच नाही. मागं कुणी महत्त्वाचं माणूस दिसलं की तिथूनच झूम करायचे. लेन्स खरंच गुणाची होती, लांबचं माणूस हातावर आल्यासारखं दिसायचं. विलासची आई धुरपताबाई मागच्या रांगेत खांबाशी बसली होती. तिला मी पाच-सहा वेळा घेतलं, प्रत्येक वेळी स्टेजवरून.

संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर लावलं तेव्हा गडबड दिसली. नवरी छान उजळ दिसत होती. तिथून लेन्स लांब न्यावी तसा अंधार होत जायचा, जणू मांडवावर ढग आला. धुरपताबाईपाशी पोचेपर्यंत तिचा चेहरा काळवंडून जायचा. परत नवरीकडं आले की ऊन.

तुम्ही म्हणाल कॅमेरा ऑटोवर का नाही ठेवला. तर दिलीपचा नियम आहे, एकदा उजेड लावला की मग त्याला हात लावायचा नाही, आणि तो बरोबर आहे. आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. ऑटोवर ठेवलं की कॅमेऱ्याला वाटतं फारच उजेड झाला, आणि तो अख्ख्या वऱ्हाडाला राखाडी करून टाकतो. म्हणून आम्ही उजेड हातानं लावतो. पण तो नियम बाहुली न बदलणाऱ्या लेन्ससाठी आहे, आणि मी तो बाहुली बदलणाऱ्या लेन्सला लावला होता. कॅमेऱ्याचा पडदा विड्याच्या पानाएवढा. त्यावर भर दुपारी काही कळलं नाही.

दिलीपनी कॉम्प्युटरवर अंधार उपसून बघितला. चेहरा उजळला, पण त्यावर मुंग्या फिरल्यासारखे ठिपके आले.

"त्याइला आधी सांगून टाकू," दिलीप म्हणाले. "देताना सांगू, असं असं झालं."

मी म्हणाले, "कोण बघते एवढं? लोक नवरा-नवरी बघतेत."

ही माझी चूक. लेन्सची नव्हे. मी दोन्ही घरी व्हिडिओ दिला आणि गप्प बसले.

पाच-सहा दिवसांनी विलासनं जीप दुकानासमोर उभी केली. रोज हात करून जाणारा माणूस त्या दिवशी खाली उतरला.

"मॅडम, घरी यावं लागंल तुमाला."

"काहून रे? काय झालं?"

"याडी लै नाराज हाय. जेवून नाही राहिली बराबर."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मला लगेच कळलं. मी रफिकभाईंकडून तीच लेन्स पुन्हा मागवून घेतली आणि रविवारी सकाळी तांड्यावर निघाले. दिलीप म्हणाले, "मी येतो. लेन्स माझ्या पसंतीची व्हती."

धुरपताबाईच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही होता आणि टीव्हीपुढं दहा-पंधरा माणसं. ती स्वतः भिंतीला टेकून बसली होती. हातातल्या जाड बांगड्या मागं सारून तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, चहा सांगितला. सगळा पाहुणचार झाल्यावर मग बोलली.

"मॅडम, एक इचारते. तुमाला पोरीवाल्याइनं बोलावलं व्हतं ना?"

"व्हय."

"म्हून पोरीवर उजेड अन् माझ्यावर अंधार?"

कुणीतरी हसलं आणि तिनं बघितल्यावर गप्प झालं. नवी सून पूजा दारापाशी उभी होती, तिची मान खाली गेली. मी ओळखलं की हे लवकर मिटलं नाही तर त्या पोरीला या घरात जड जाणार. सून येऊन पंधरवडा झाला नाही आणि सासूच्या मनात तिच्या माहेराबद्दल अढी, तीही माझ्यामुळं.

"मावशी," मी म्हणाले, "मी तुमाला समोरच दाखवते. मंग तुमी ठरवा."

दिलीपनी डाव्या हातानं कॅमेऱ्याची लांब वायर टीव्हीला जोडली. मी अंगणाच्या या टोकाला, धुरपताबाई त्या टोकाला ओसरीच्या सावलीत. विलासनं टीव्ही दाराकडं वळवला. मी आधी अख्खी ओसरी दाखवली. सगळं नीट दिसत होतं. मग हळूहळू झूम करत तिच्या चेहऱ्यावर गेले. टीव्ही अंधारत गेला.

"बगा, बगा! ढग आला!" बायका ओरडल्या.

"आता ह्या लेकराला घेते," मी म्हणाले आणि तिच्या शेजारच्या एका पोराच्या चेहऱ्यावर गेले. तोही काळा. मग पूजाला तिथं बसवलं आणि तिच्यावर गेले. तीही काळी. आता सगळेच हसले. ही लेन्स लांब बघताना डोळा बारीक करते, कुणाचं माहेर-सासर बघत नाही, हे मी समजावून सांगितलं. लोकांना पटलं. दिलीपनी सुटकेचा श्वास सोडला.

पण धुरपताबाईचा चेहरा तसाच होता. ती म्हणाली, "आता जवळ या."

"आं?"

"तिथून नका बगू. हिकडं या."

मी झूम मागं घेतलं आणि कॅमेरा धरून अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले. टीव्हीवर तिचा चेहरा लख्ख आला. कपाळावरचं गोंदण, पांढऱ्या भुवया, सगळं. तिनं मान वळवून टीव्हीत बघितलं. मग माझ्याकडं.

"किती पावलं झाली?"

मी मागं बघितलं. "धा असतील."

"धा पावलं. लग्नात धा पावलं चालायला काय झालतं, मॅडम?"

धुरपताबाई विधवा होती. तिला कुणी मागं बस म्हटलं नव्हतं. मुलाच्या लग्नात ती आपणहून खांबाशी जाऊन बसली होती. आमच्या घरात आम्ही असलं काही पाळत नाही आणि त्याबद्दल मी चार बायकांत बोलतेही. पण त्या दिवशी मी तिला लांबूनच उचललं. लेन्सनं ते सोपं केलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "अन् दुसरं बी सांगते. देण्याच्या आधीच मला दिसलं व्हतं. तुमाला कळणार न्हाई असं वाटलं."

दिलीप माझ्याकडं बघत राहिले. मी गिऱ्हाइकाची माफी मागितलेली त्यांनी इतक्या वर्षांत बघितली नव्हती. त्यांची तर नाहीच नाही.

धुरपताबाईनं हातातल्या बांगड्या पुढं सारल्या. मग म्हणाली, "मंग आता पुन्यांदा काढा."

"मावशी, लग्न कसं पुन्यांदा..."

"लग्न न्हाई व्हत, मालूम हाय मला. पण सून ज्या दारातून घरात आली ते दार तर हाय ना जागेवर?"

तिचं खरं दुःख तेव्हा निघालं. सून उंबरठ्यावर आली की म्हणायचं त्यांच्या बोलीतलं एक गाणं आहे. ते ती महिनाभर मनात घोळवत होती. पण वरातीबरोबर डीजे दारापर्यंत आला, आणि तिनं काय म्हटलं ते तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

बुधवारी यायचं ठरलं. मी रफिकभाईंकडं गेले आणि म्हणाले, "जिचा उजेड बदलत न्हाई अशी द्या."

त्यांनी चोवीस-सत्तर काढली. तिची बाहुली चांगली मोठी आणि झूम कितीही केलं तरी तेवढीच राहणारी. पल्ला कमी. हातात घेतली तर पाट्याच्या वरवंट्याएवढी जड, आणि हाताची थरथर सावरून घ्यायची सोय तिच्यात नव्हती. रफिकभाई म्हणाले, "भाभी, इसमें दूर का नहीं आता. चलके जाना पडता."

"तेच पायजे," मी म्हणाले.

बुधवारी सकाळी आम्ही दोघं तांड्यावर पोचलो तर अर्धा तांडा जमलेला. पूजाला पुन्हा लग्नातला शालू नेसवला होता आणि ती लाजून अर्धी झाली होती. विलासनं जीपची फेरी चुकवली होती. धुरपताबाईनं सगळ्यांना जागा वाटून दिल्या. मला म्हणाली, "तुमी इथं. भाऊ, तुमी तिथं." मी इतकी लग्नं केली, पण इतकं नीट कुणी मला उभं केलं नव्हतं. मग म्हणाली, "थांबा जरा," आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर आरसे लावलेली, भरतकामाची लाल ओढणी होती. तिच्या स्वतःच्या लग्नातली. मालक गेल्यापासून ती पेटीतच होती, असं शेजारच्या बाईनं माझ्या कानात सांगितलं. कुणी म्हणेल, बाई, हे काय, असं मला क्षणभर वाटलं. कुणी म्हटलं नाही. एका म्हातारीनं पुढं होऊन ओढणीचा काठ सारखा केला.

आरसे म्हणजे आमच्या धंद्यात डोकेदुखी. एकेक आरसा उन्हाची तिरीप लेन्समध्ये मारतो. मी दोन पावलं सावलीकडं सरकले, व्हिडिओ चालू केला आणि कोपरं बरगड्यांना दाबून धरली. लेन्स जड असली की असंच धरावं लागतं, श्वास सोडायचाही हळू. पूजा उंबरठ्याबाहेर उभी राहिली आणि धुरपताबाईनं गाणं धरलं.

आवाज पातळ होता, पण सुरात होता. मी आधी दोघींना घेतलं, मग हळूहळू आत गेले. उजेड तसूभर हलला नाही. लेन्सची झूमची कडी फिरवताना बारीक घासल्याचा आवाज येत होता, तेवढा मला डाचत होता. तिसऱ्या-चौथ्या ओळीला धुरपताबाई थांबली. शब्द विसरली. ती ओठ हलवून शोधायला लागली, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि पूजानं मान वर केली, पुढची ओळ तिनं म्हटली. तिच्या आईकडूनच शिकली असणार. दोघींचं तेच गाणं, दोन्ही घरचं.

धुरपताबाईनं तिच्याकडं बघितलं आणि मोठ्यानं हसली. हसत हसत तिनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला लावलं.

तो फोटो होता. माझ्या सगळ्या आयुष्यातले पाच-सात चांगले फोटो असतील, त्यातला तो एक होता, आणि माझा कॅमेरा व्हिडिओवर होता. चकती फिरवली असती तर व्हिडिओ तिथंच तुटला असता. बोट चकतीवर गेलंसुद्धा. मग मी ते परत आणलं. ती एकटीनं दोन्ही कामं करणाऱ्याची शिक्षा आहे. लेन्स दोन्हीला चालते, बोट एकाच ठिकाणी असतं. मी श्वास धरून व्हिडिओ चालू ठेवला आणि मनातल्या मनात हळहळत राहिले.

तेवढ्यात डाव्या बाजूला 'खट' असा बारीक आवाज आला.

दिलीपनी डाव्या हातात मोबाइल धरला होता. ज्या माणसानं जन्मभर मला ऐकवलं की फोटो म्हणजे काय, खाटकन् बटण दाबलं की झालं, धीर लागतो तो शूटिंगला, त्या माणसानं खाटकन् बटण दाबलं होतं.

घरी येऊन बघितलं. फोटो थोडा वाकडा होता. कोपऱ्यात माझं कोपर आलं होतं. पण कपाळाला कपाळ लागलेलं होतं, धुरपताबाईचे डोळे मिटलेले होते आणि ओढणीच्या एका आरशात पूजाचा डोळा दिसत होता. हे आरशाचं त्यांना काढताना माहीतसुद्धा नव्हतं. मी ते कबूल करायला लावलं. व्हिडिओ मी मन लावून केला होता, गाणं पूर्ण, उजेड एकसारखा. तांड्यावर तो सगळ्यांनी तीन वेळा बघितला. पण भिंतीवर मोठा करून लावायला त्यांनी दिलीपचा फोटो मागितला. मी वाकडेपणा सरळ केला, कोपर कापलं आणि छापून दिला. धुरपताबाईनं फोटो हातात घेऊन मला विचारलं, "ह्यो तुमी काढला?" मी म्हणाले, "न्हाई मावशी, भाऊनं." हे वाक्य मला जरा जड गेलं, हे इथं लिहून ठेवते.

लेन्स शेवटी मी त्या दोन्हींपैकी एकही घेतली नाही. लांब पल्ल्याची का नाही, ते सांगून झालं. बुधवारच्या त्या जड लेन्सनं माझी मनगटं आठवडाभर दुखत होती आणि घरात एक खांदा आधीच गेला होता. आम्ही दोघं पुन्हा हिंगोलीला गेलो. रफिकभाईंनी तिसरी दिली. चोवीस-एकशे पाच. बाहुली त्या जड लेन्सइतकी उघडत नाही, पण झूम केलं तरी बदलत नाही. हाताची थरथर ती सांभाळून घेते. वजनाला तिच्या पाऊणपट. अंधाऱ्या हॉलमध्ये ती कमी पडते, तेव्हा मी कॅमेऱ्यावर छोटा दिवा लावते.

ती दुकानात पारखली मात्र दिलीपनी. मी फोटोवाली, मी धारदारपणा बघत होते. ते म्हणाले, "आधी कानाला हेडफोन लाव. व्हिडिओ चालू कर अन् झूम फिरव. घासते का?" घासत नव्हती. "आता लांबच्या पाटीवर फोकस लाव अन् झूम मागं घे. पाटी धूसर व्हते का?" थोडी होत होती, पण लेन्स लगेच सावरत होती. "आता तोंड खाली करून धर. नळी आपोआप लोंबते का?" लोंबत नव्हती. नव्या पोरांनी एवढ्या तीन गोष्टी लेन्स घेण्याआधी स्वतः करून बघाव्यात, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये. रफिकभाईंची माफी मागून लिहिते.

"बस्स," दिलीप म्हणाले. "ही घे."

मी लेन्स डब्यात ठेवायला दिली. रफिकभाई डबा बांधत होते. मागं वळून बघितलं तर दिलीप काचेच्या कपाटापाशी उभे. त्यांच्या डाव्या हातात एक छोटीशी लेन्स होती. झूम नसलेली, हलकी, फक्त फोटोच्या कामाची. तळहातात मावणारी. ती त्यांनी डोळ्यापाशी धरली होती आणि दारातून समोरच्या चहावाल्याकडं बघत होते.

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं.

"भाईसाब, वो फोटो की लेन्स है," ते म्हणाले. "शूटिंग की नहीं."

"मालूम हाय," दिलीप म्हणाले, आणि लेन्स खाली न ठेवता मला विचारलं, "एका हातानं जमंल ना गं?"

मी म्हणाले, "जमंल. मी शिकवते."

रफिकभाईंनी बांधलेला डबा सोडला आणि एक मोठी पिशवी काढली.